पुन्हा तेच हक्कसोडपत्र

अण्णा मृत्युपत्र न करता गेले. तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र हजर. "ताई, फक्त सही. तुला लग्नात दिलंच की!" अरे, लग्नातलं ते कपाट कधीच गंजलं! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं अण्णांच्या स्वकष्टाच्या घरात आई, दोन भाऊ आणि मी, प्रत्येकाला चौथा हिस्सा. वडिलोपार्जित जमिनीतही २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार. पण यांचं गणित एकच: भागिले दोन. (आईचा हिस्सा तर कुणी मोजतच नाही. ती कुणाकडे राहणार, एवढीच चर्चा.) सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव लागलं, तर मोठी वहिनी महिनाभर बोलली नाही. आईच्या दवाखान्याचं बिल आलं की मात्र बरोब्बर भागिले तीन जमतं!