वरणाचा आकडा चुकला, भाकरीचा नाही

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या भाकरीवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. वाटीभर वरणात २० ग्रॅम प्रथिनं, हा माझा आकडा चूक. डाळी-धान्याची प्रथिनं 'अंगी लागतच नाहीत'. आणि शरीर एका वेळी ३० ग्रॅमच घेतं, बाकीचं वाया जातं.

पहिला आक्षेप मुकाट्याने मान्य. काल रात्री तराजू काढला आणि चौघांच्या वरणाला रोज घेते ती तुरीची डाळ कोरडीच तोलली. भरली ८० ग्रॅम. तिचं आमच्याकडे चार वाट्या वरण होतं, बट्टीवर ओतायला सैलसर. म्हणजे वाटीला २० ग्रॅम डाळ आणि प्रथिनं जेमतेम साडेचार ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या डाळीचा आकडा मी वाटीला चिकटवून मोकळी झाले होते. लेखात दुरुस्ती केली आहे.

'अंगी लागत नाहीत' हे मात्र पटत नाही. जठरातलं आम्ल प्रथिनाच्या घड्या उलगडतं, पेप्सिन त्याचे तुकडे करतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं ते तुकडे आणखी बारीक करतात. शेवटी सुटी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या विटा, आणि दोन-तीन अमिनो आम्लांच्या जोड्या आतड्याच्या पेशी आत ओढतात, आणि तिथून माल रक्तावाटे यकृतात जातो. लायसिन हे अमिनो आम्ल उडदातलं की अंड्यातलं, याची तिथे चौकशी होत नाही.

फरक आहे तो किती सुटं होतं यात. अंडं-दुधाची प्रथिनं ९५ टक्क्यांच्या आसपास पचतात, शिजवलेल्या डाळी-धान्याची साधारण ८० च्या घरात. ज्वारीबद्दल तर तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देते, तुमच्या नजरेतून तो निसटला. तिच्यातलं कॅफिरिन हे प्रथिन पाण्यात शिजताना गंधकाच्या बंधांनी एकमेकांत आणखी घट्ट अडकतं, आणि पाचक रसांना ते सोडवणं जड जातं. शिवाय ज्वारीत लायसिन कमी. उडदात लायसिन भरपूर, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी भरून काढते. म्हणून तर कळणा! सासूबाई चार वाटे दादर ज्वारीला एक वाटा उडीद घालून गिरणीवर पाठवायच्या. लायसिन त्यांच्या गावीही नव्हतं. "नुसत्या ज्वारीपेक्षा ही भाकर पोटाले टिकस," एवढंच त्या म्हणायच्या. आणि हा मेळ एकाच घासात बसायला हवा असंही नाही, दिवसभरात बसला तरी चालतं.

आता ते ३० ग्रॅम. हा आकडा आला स्नायूंवरच्या प्रयोगांतून. एका जेवणानंतर स्नायू बांधण्याचा वेग साधारण २० ते ४० ग्रॅमच्या पुढे फारसा वाढत नाही. त्याचा अर्थ आतडं दार लावून घेतं असा नव्हे. जड जेवण असेल तर ते तासन्‌तास शोषत राहतं. आणि प्रथिनं लागतात ती काय एकट्या दंडाला? आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, त्यालाच केवढी लागतात. शरीर रोज स्वतःचीच अडीचशे-तीनशे ग्रॅम प्रथिनं मोडून पुन्हा बांधतं. चरबीसारखं कोठार मात्र प्रथिनांना नाही. उरलेली अमिनो आम्लं इंधन म्हणून जळतात, त्यांतल्या नायट्रोजनचा यकृत युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी माझं किंवा तुमचं न ऐकता डॉक्टरांचं ऐकावं.)

प्रथिनांच्या पावडरला मी विष म्हटलेलं नाही. त्यातलं व्हे हे प्रथिन शेवटी दुधाचंच. पण हिशोब करू. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२० ची शिफारस वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅमची आहे. तुमचं वजन ७० किलो, त्यात रोजचा व्यायाम, म्हणून १.२ ने धरू: ८४ ग्रॅम. १०० ग्रॅम पिठाच्या एका कळण्याच्या भाकरीत साधारण १२, म्हणजे चार भाकरींत ४८. वरणाच्या दोन वाट्यांचे ९, मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांचे १२, अर्धा लिटर दुधाचे १६. झाले ८५. पचनातली तूट भरायला एक वाटी दही किंवा मटकीची उसळ वाढवा. एवढं खाणं वेळेअभावी जमत नसेल तर खुशाल पावडर घ्या.

आमच्याकडे आजपासून वरण घट्ट झालं आहे. बट्टी नीट भिजत नाही म्हणून धाकटा रुसून बसलाय, त्याचं खापर तुमच्यावर फोडलं आहे.