कोठडीत माणूस गेला, तर लेखी उत्तर कोणी द्यायचं?

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यावरून दगडफेक आणि धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. सरकारनं विधानसभेत सांगितलं की मारहाण झाली नव्हती, श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण पुढे आलं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये खंडपीठानं तसा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथंही आदेश कायम राहिला.

इंग्लंडमध्ये राहून ही बातमी महिनोन्‌महिने वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहते. आपल्याकडची सगळी चर्चा ‘निलंबन कोणाचं, एसआयटी कधी, सीआयडीकडे तपास का’ यांभोवती फिरते. न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल आल्यावर पुढे नेमकं काय व्हायला हवं, हा प्रश्न क्वचितच निघतो. आणि कायदाही त्याबाबत गप्प आहे. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीनं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये आली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. चौकशी करा, शक्य तिथं नातेवाइकांना हजर राहू द्या, २४ तासांत मृतदेह सिव्हिल सर्जनकडे पाठवा, इतकं त्यात लिहिलं आहे. अहवाल कोणाला द्यायचा, किती दिवसांत द्यायचा, त्यावर गृह खात्यानं काय करायचं, याचा तिथं पत्ता नाही. म्हणून चांगला अहवालही फायलीत पडून राहू शकतो.

इंग्लंड-वेल्समध्ये हे काम कॉरोनर, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा स्वतंत्र न्यायाधिकारी, करतो. त्याची नेमणूक स्थानिक परिषद करते, पोलीस किंवा गृह खातं नाही. २००९ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतला प्रत्येक मृत्यू त्याच्याकडे जातो, अगदी नैसर्गिक वाटला तरी. मृत्यू हिंसक किंवा अनैसर्गिक असेल, किंवा कारण कळत नसेल, तर ७ ते ११ सामान्य नागरिकांची ज्युरी बसवावीच लागते. मृतदेहावर ताबा कॉरोनरचा असतो. शवविच्छेदन कोणी करायचं हे तो ठरवतो, आणि संशयास्पद प्रकरणात गृह खात्याच्या यादीवरचा न्यायवैद्यक तज्ज्ञच बोलावला जातो. सुनावणी उघड्या न्यायालयात होते. कुटुंबाचा वकील हवालदारापासून तुरुंगाच्या गव्हर्नरपर्यंत कोणालाही थेट प्रश्न विचारू शकतो.

तिथं प्रश्न किती बारीक असतात, हे पाहण्यासारखं आहे. दारूच्या नशेत पकडलेल्या माणसाला कोठडीत किमान दर अर्ध्या तासानं उठवून पाहायचं, असा लेखी नियम आहे. नुसतं दाराच्या फटीतून डोकावून चालत नाही. जाग येते का, नाव विचारलं तर धड उत्तर देतो का, डोळे उघड किंवा हात वर कर म्हटलं तर करतो का, हे तपासून वेळेसह नोंद करायची. इथल्या कोठडीत मृत्यू होतात त्यातला नेहमीचा घोटाळा हाच: ‘घोरतोय, म्हणजे झोपलाय’ असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात डोक्याला मार लागलेला असतो किंवा श्वास अडकत असतो. कॉरोनरच्या सुनावणीत, म्हणजे इन्क्वेस्टमध्ये, नोंदवही आणि सीसीटीव्ही शेजारी शेजारी ठेवून मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला जातो. वहीत ०२:३० ला ‘उठवलं, बोलला’ असं लिहिलेलं असेल आणि चित्रीकरणात तेव्हा दारच उघडलेलं नसेल, तर ते ज्युरीसमोर येतं.

आपल्याकडे ही तुलना करायला साधनं नाहीत असं नाही. ठाणे दैनंदिनी आहे, अटकेचा पंचनामा आहे, अटकेचे नियम घालून देणाऱ्या डी. के. बसू निकालाप्रमाणे दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, आवाजासह सीसीटीव्ही लावायला आणि चित्रीकरण शक्यतो १८ महिने, निदान एक वर्ष जपायला सांगितलं आहे. अडचण अशी की ही कागदपत्रं एकमेकांशेजारी ठेवून उघडपणे तपासणारं कोणी नाही. वैद्यकीय तपासणीच्या वेळी आरोपीसोबत पोलीसच उभे असतात, त्यामुळे ‘तक्रार नाही’ या नोंदीला फारशी किंमत उरत नाही. पुढे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या हातात मृत्यूची हकिगत येते ती पोलिसांच्याच कागदांतून. ‘व्हिसेरा (अवयवांचे नमुने) राखून ठेवला, मत राखीव’ असा शेरा पडला की प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत सगळं थांबतं. न्यायवैद्यक खात्यावर बाहेरून दाब येऊ शकतो, ही भीती पोकळ नाही. २०२४ च्या पुण्याच्या पोर्शे अपघातानंतर ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून न्यायवैद्यक विभागाच्या प्रमुखालाच अटक झाली होती.

कॉरोनर शिक्षा देत नाही. अमुक माणूस गुन्हेगार आहे असं ज्युरीला म्हणताही येत नाही. ‘बेकायदा ठार मारलं’ इथपर्यंत ती म्हणू शकते, पण नाव न घेता. माझ्या मते या मर्यादेमुळेच ही पद्धत उपयोगी ठरते, कारण चर्चा ‘कोणाला फाशी’ यावरून ‘नेमकं काय घडलं’ याकडे वळते. पुन्हा असा मृत्यू होऊ शकतो असं दिसलं, तर कॉरोनरला अहवाल लिहावाच लागतो. ज्या खात्याला तो पाठवला त्यानं ५६ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं: काय करणार, कधीपर्यंत, आणि काही करणार नसेल तर का नाही. अहवाल आणि उत्तर सहसा संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. कोणीही वाचावं.

याचा अर्थ इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावरच्या १९८९ मधल्या चेंगराचेंगरीत ९७ जण गेले. पहिल्या इन्क्वेस्टनं ‘अपघाती मृत्यू’ म्हटलं, आणि ते पुसून ‘बेकायदा ठार मारलं’ हे शब्द ऐकायला कुटुंबांना २०१६ उजाडावं लागलं. सरकारी बाजूचे वकील सरकारी पैशानं येतात, कुटुंबाला मदत मागत फिरावं लागतं. ५६ दिवसांत आलेलं उत्तर पुढे खरंच अमलात आलं का, हे तपासणारी राष्ट्रीय यंत्रणा नाही. परिषदांचा निधी कमी-जास्त असल्यानं एका जिल्ह्यात सुनावणी लवकर होते, दुसऱ्यात कुटुंब वर्षानुवर्षं ताटकळतं. पोलिसांना शिक्षा होणं तर दुर्मीळच. माजी फुटबॉलपटू डॅलियन अ‍ॅटकिन्सन यांच्या २०१६ मधल्या मृत्यूबद्दल २०२१ मध्ये एका पोलिसाला मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं गेलं, आणि तसं तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. अधिकाऱ्यांवर खरं बोलण्याचं कायदेशीर बंधन घालणारं विधेयक २०२५ मध्ये संसदेत आलं, तेही हिल्सबरोच्या कुटुंबांनी रेटा लावला म्हणून.

मुलांच्या बाबतीत तर कागदावर आपला कायदा इथल्यापेक्षा माणुसकीचा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. इथं पंधरा ते सतरा वर्षांची मुलं तुरुंग खातंच चालवत असलेल्या संस्थांत असतात, आणि त्या नावापलीकडे तुरुंगच आहेत. २००४ मध्ये मुलांच्याच एका बंदिस्त केंद्रात तीन कर्मचाऱ्यांनी धरून ठेवलेला पंधरा वर्षांचा मुलगा गुदमरून मेला. पकडण्याची ती पद्धत नंतर बंद करावी लागली.

पण पाहणीची पद्धत शिकण्यासारखी आहे. तुरुंग निरीक्षक न कळवता येतो, अहवाल छापतो, आणि परिस्थिती फारच वाईट असेल तर न्यायमंत्र्याला तातडीचं पत्र लिहितो. मंत्र्यानं २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यायचं. केंटमधल्या कुकहॅम वूडबद्दल २०२३ मध्ये असं पत्र गेलं. मुलं दिवसदिवस खोलीत डांबलेली होती, हत्यारं सापडत होती. २०२४ मध्ये तिथून मुलांना हलवलं गेलं. आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीनं तीन महिन्यांतून निदान एकदा बालगृहाला, निरीक्षणगृहाला भेट द्यायची असते, आठवड्यात अहवाल द्यायचा असतो, आणि महिन्याभरात त्यावर कारवाई व्हायला हवी. डोंगरीच्या किंवा येरवड्याच्या निरीक्षणगृहाचा असा अहवाल सामान्य वाचकानं पाहिलाय का? पोर्शे प्रकरणात तीनशे शब्दांच्या निबंधावर आणि वयोमर्यादेवर महाराष्ट्र आठवडाभर पेटला होता. निरीक्षणगृहांच्या आत काय चालतं यावर तेवढं कोणी बोललं नाही. याचं मनापासून वाईट वाटतं.

मुंबईत १८७१ च्या कायद्यानं नेमलेला कॉरोनर होता. ते पद १९९९ मध्ये रद्द झालं. ते जसंच्या तसं परत आणा, असं मी म्हणणार नाही. ज्युरीही नको. कलम १९६ मध्ये राज्याची दुरुस्ती पुरेशी आहे. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत असल्यानं राष्ट्रपतींच्या संमतीनं विधिमंडळ ती करू शकतं. अहवालाला मुदत, त्याची प्रत कुटुंबाला, गृह खात्याचं ठरावीक दिवसांत लेखी उत्तर, आणि दोन्ही संकेतस्थळावर, एवढंच त्यात हवं. खटल्यावर परिणाम होईल ही हरकत रास्त आहे. इथं फौजदारी खटला चालू असेपर्यंत इन्क्वेस्ट थांबवतात. आपणही त्या काळापुरतं प्रकाशन थांबवू शकतो, पण कुटुंबाची प्रत थांबवायचं कारण नाही.

वकिलाचं काम तर कायदा न बदलताही होईल. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील देतं. कोठडीतल्या मृत्यूची खबर जशी २४ तासांत मानवी हक्क आयोगाला जाते, तशीच ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला गेली, तर मृताच्या आईला किंवा बायकोला शवविच्छेदनाच्या आधीच वकील मिळेल. शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची मागणी, सीसीटीव्ही जपण्याची नोटीस आणि दुसऱ्या शवविच्छेदनाचा अर्ज, ही तीन कामं पहिल्या दोन दिवसांत झाली नाहीत तर नंतर करून फारसा उपयोग नसतो.