पॉक्सोतली अठराची अट: वय उतरवू नका, अपवाद लिहा

अल्पवयीनांच्या प्रेमप्रकरणावर उच्च न्यायालयाची एखादी टिप्पणी पेपरात आली की फेसबुकवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, संमतीवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देता येण्याचं वय, परत १६ करा. दुसरा म्हणतो, संस्कृती बुडाली. कायदा मात्र दोघांपैकी फारसा कुणी उघडलेला नसतो.

पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती त्यात बालक, मुलगा असो की मुलगी, आणि बालकाची संमती कायद्याच्या लेखी शून्य. ‘ती स्वतःहून आली’, ‘दोघांचं जमलेलं होतं’, ‘घरी माहीत होतं’ यातलं काहीच बचाव म्हणून चालत नाही. लग्न लावून दिलं तरी सुटका नाही. २०१७ मध्ये ‘इंडिपेंडंट थॉट’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पत्नी १५ च्या वरची असेल तर पतीवर बलात्काराचा गुन्हा नाही, या सुटीतली १५ ची मर्यादा १८ केली, आणि जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आता तेच छापलेलं आहे. दिवस गेलेत म्हणून घाईने हळद लावणारे आईबाप पॉक्सोवर बालविवाहाचा गुन्हा चढवून ठेवतात, एवढंच.

शिक्षा बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शरीरसंबंधाला किमान १० वर्षं, मुलगी १६ च्या आतली असेल तर किमान २०. दिवस गेले असतील किंवा संबंध एकाहून जास्त वेळा आला असेल तर कलम ५ लागतं आणि वय काहीही असो, किमान २०. म्हणजे मुलगी सतराची, मुलगा एकोणीसचा, सहा महिने चाललेलं प्रेमप्रकरण, की थेट वीस वर्षं. या किमान शिक्षेच्या खाली यायचा अधिकार विशेष न्यायाधीशाला नाही. मग त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात: पोराचं तारुण्य तुरुंगात घालवायचं, नाहीतर साक्षीदार फितूर झाले, वय सिद्ध झालं नाही असं काही शोधून निर्दोष सोडायचं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दुसरंच होतं. एनफोल्ड संस्थेने २०१६ ते २०२० मधले महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालचे पॉक्सोचे ७,०६४ निकाल तपासले. त्यातली १,७१५ प्रकरणं प्रेमसंबंधाची होती, म्हणजे जवळजवळ चारातलं एक, आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी सुटले. पण सुटेपर्यंत त्यांनी काढलेली कोठडी कोण परत देणार? खटला वर्षभरात संपवा असं पॉक्सोचं कलम ३५ सांगतं, पण अशा प्रकरणांनी रांग लांबते. ज्या लेकरावर खरोखर अत्याचार झालाय, त्याचीही फाइल याच रांगेत उभी असते.

या फाइली उभ्या राहतात त्या साधारण एकाच साच्यात. मुलगी घरातून गेली, बापाने तक्रार दिली. बेपत्ता व्यक्ती १८ च्या आतली असली की पोलीस न्याय संहितेचं अपहरणाचं कलम १३७ लावतात. दोघं चाकणच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत नाहीतर सुरतेला सापडतात. मग मेडिकल (वैद्यकीय तपासणी), जबाब, आणि पॉक्सोची कलमं वाढतात. जबाब महिला अधिकाऱ्याने साध्या कपड्यात, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो. मेडिकलला संमती लागते. पण सगळ्यात जड कागद म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब. मुलगी तिथे काय म्हणाली यावर जामिनापासून निकालापर्यंत सगळं फिरतं, आणि तो जबाब होतो तेव्हा ती बहुधा ज्यांनी तक्रार दिली त्यांच्याच ताब्यात असते. ‘घरी जाणार नाही’ म्हणाली की बाल कल्याण समिती तिला बालगृहात पाठवते, अनेकदा १८ पूर्ण होईपर्यंत. बारावीचं वर्ष तिथेच बुडतं. मुलीच्या भल्यासाठी म्हणून केलेल्या कायद्यात मुलगी अशी कोंडली जाते, याचा हिशेब कुणीच मांडत नाही.

आता वयाचा पुरावा. खटला दोन-चार महिन्यांच्या फरकावर उभा असतो आणि आपल्याकडे निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम असा: आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा बोर्डाचं दहावीचं, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात, म्हणजे सोळा की अठरा हेच ठरत नाही. नुसता शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश नोंदवहीचा उतारा या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. आधार कार्ड तर या यादीतच नाही.

दवाखान्याची बाजू वेगळीच. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. त्या धाकाने डॉक्टर आधी चौकीला फोन लावतात, आणि त्या फोनच्या धाकाने सतराची पोर दवाखान्यात न जाता मेडिकलमधून कुणाकरवी गोळ्या मागवते. खरं तर सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालाप्रमाणे, मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरने पोलिसांना द्यायची गरज नाही. हे वाक्य प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावायला हवं.

दोघंही सतराचे असले तर? कागदावर दोघंही बालक. प्रत्यक्षात मुलगी पीडित आणि मुलगा आरोपी. किमान शिक्षा सात वर्षांच्या वर असल्याने हा गुन्हा बाल न्याय कायद्यातल्या ‘निर्घृण’ वर्गात जातो, आणि १६ ते १८ मधल्या मुलाची प्राथमिक छाननी करून बाल न्याय मंडळ त्याला प्रौढ म्हणून खटल्याला पाठवू शकतं.

तरीही वय सरसकट १६ करा, याच्या मी विरोधात आहे. २०१२ पर्यंत कित्येक दशकं ते १६ च होतं, त्यामुळे १८ ही काही परंपरा नव्हे. पण सोळाच्या मुलीभोवती चाळिशीचा मुकादम किंवा क्लासचा सर असतो, त्याला मोकळं रान द्यायचं कारण नाही. कॅनडात संमतीवय १६ आहे आणि १४-१५ वर्षांच्यांसाठी जोडीदार पाच वर्षांहून कमी अंतराचा असेल तरच सूट. शिक्षक, प्रशिक्षक अशा विश्वासाच्या जागेवरचा माणूस असेल तर वय १८ धरतात. आपल्याकडे १८ तसंच ठेवून, १६ ते १८ मधल्यांसाठी वयातलं अंतर कमी, जबरदस्ती नाही, अधिकाराचं नातं नाही, अशा तीन अटींवर ‘हा गुन्हाच नाही’ असा अपवाद लिहिता येईल. कायद्यातले बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने २८३ व्या अहवालात, सप्टेंबर २०२३ मध्ये, वय कमी करू नका, पण अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला मोकळीक द्या असं सुचवलं. पण अटक, बालगृह, तारखा हे सगळं तोवर भोगून झालेलं असतं.

एक सावधगिरी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ओक यांच्या खंडपीठाने पश्चिम बंगालच्या एका दोषी माणसाला शिक्षा न सुनावता सोडलं, तो निकाल या वादात सर्रास पुढे केला जातो. त्यात मुलगी १४ ची आणि माणूस २५ चा होता. पूर्ण न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयाला खास अधिकार देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद १४२ चा तो खास वापर होता. वर म्हटलेल्या अपवादात ते प्रकरण बसत नाही आणि बसूही नये.

पोलीस ठाण्याकडे निघालेल्या पालकांना एकच सांगणं. एफआयआर झाला की खटला सरकारचा. ‘पोराला धडा शिकवू, मग मागे घेऊ’ हे चालत नाही. तडजोडीच्या प्रतिज्ञापत्रावर पॉक्सोचा गुन्हा रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी अडू नका: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलीला उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो, कोठडीतल्या पोरालाही.