टाइमशेअरच्या करारावर सही केली म्हणून ग्राहकाचे हक्क संपत नाहीत

टाइमशेअर, म्हणजे आगाऊ पैसे भरून दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क, किंवा हॉलिडे क्लबच्या सदस्यत्वाबद्दल एक संदेश बराच फिरतो आहे. सही झाली की विषय संपला, करारात लवादाचे (वाद खासगी पंचाकडे सोपवण्याचे) कलम असल्याने ग्राहक आयोगात जाता येत नाही, दावा कंपनीच्या शहरातच लढवावा लागतो, तेव्हा वार्षिक शुल्क भरणे थांबवून गप्प बसावे, असा त्याचा आशय आहे.

पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार टाइमशेअरच्या खरेदीदाराला कोणतेही कारण न देता 14 दिवसांत माघार घेता येते आणि त्या काळात त्याच्याकडून आगाऊ रक्कमही घेता येत नाही. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. करारात रद्द करण्याची मुदत दिलेली असेल, तर तेवढीच मिळते. पण मुदत उलटली म्हणजे दादच मागता येत नाही, असे नव्हे. मोफत जेवणाच्या आमिषाने हॉटेलात बोलावून, दोन-तीन तास बसवून ठेवून, ‘दिवाळीतही हमखास खोली मिळेल’ असे सांगत कार्ड स्वाइप करून घेतले असेल आणि छापील करारात ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द बारीक अक्षरांत असेल, तर ती अनुचित व्यापारी प्रथा असल्याची तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली करता येते. विक्रेत्याचे व्हॉट्सॲप संदेश अशा वेळी फार मोलाचे ठरतात. ते पुसू नयेत.

लवादाबद्दलचा दावा तर सरळ चुकीचा आहे. लवादाच्या कलमामुळे ग्राहक मंचाचा (आताच्या ग्राहक आयोगाचा) अधिकार जात नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात 2018 मध्ये कायम ठेवली.

कंपनीच्या शहराचेही तसेच. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगातही तक्रार दाखल करता येते. सदस्यत्वापोटी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे. ती 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्कही लागत नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. एक भेद मात्र संदेश लिहिणाऱ्यांच्या गावीही नसतो: नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड किंवा वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार रद्द करण्याचा अधिकार, अशा अटी अन्याय्य म्हणून रद्दबातल ठरवून हव्या असतील, तर जिल्हा नव्हे, राज्य आयोग गाठावा लागतो.

सुट्टी वापरली नाही तर व्याजासह पैसे परत, असे कोणी सांगत असेल, तर ती गुंतवणूक ठरून प्रश्न सेबी या भांडवली बाजाराच्या नियामकाच्या अखत्यारीत जाऊ शकतो. रॉयल ट्विंकल स्टार क्लबची हॉलिडे योजना सेबीने 2015 मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनाच (अनेकांचे पैसे एकत्र करून परतावा देऊ करणारी योजना) ठरवली होती.

राहिला शुल्क थांबवण्याचा सल्ला, आणि तोच सर्वांत घातक आहे. थकबाकी दिसली की कंपनीला आरक्षण रोखायला आणि करारानुसार व्याज आकारायला निमित्त मिळते. सदस्यत्व हप्त्यांवर घेतले असेल तर ते कर्ज बँकेचे असू शकते आणि तसे असेल तर हप्ता चुकल्यास सिबिल स्कोअर बिघडतो. शिवाय तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत गप्प बसण्यातच निघून जाते. त्याऐवजी खोली नाकारल्याचा ईमेल, पावती आणि करार जोडून कंपनीला लेखी नोटीस द्यावी व उत्तराची वाट पाहतानाही या 2 वर्षांवर लक्ष ठेवावे, कारण नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाहीत.