‘लाखभर रुपयांत फक्त ५७ टोन?’ – प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मंचावर वाजवायच्या स्टेज कीबोर्डवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात मांडतो. यामाहाचे सीपी८८ आणि सीपी७३ मी सुचवले, पण लाखाच्या वर पैसे मोजून त्यात जेमतेम ५७ टोन (वाद्यांचे तयार आवाज) मिळतात, त्यांतलेही पुष्कळसे पियानो आणि इलेक्ट्रिक पियानोच. तुमच्याकडच्या कीबोर्डात ८०० टोन आहेत, वर तालही आहेत, आणि किंमत त्याच्या पाव भागाहून कमी. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘ज्यात हार्मोनियम नाही, सनई नाही, तो कीबोर्ड अभंग आणि भावगीतं वाजवणाऱ्याने घ्यायचा कशाला?’

हा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मूळ लेखात तो यायला हवा होता, म्हणून खाली त्यावरच जास्त लिहिलं आहे. टोनच्या संख्येचा मुद्दा मात्र मान्य नाही.

तुमच्या कीबोर्डची ८०० टोनची यादी उघडा आणि पेन्सिलीने खुणा करा. त्यात जनरल मिडी या मानकाचे १२८ टोन नक्की असतील. हे मानक १९९१ सालचं. एका कीबोर्डवर तयार केलेली मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजवायचा याची नोंद) दुसऱ्यावरही तशीच वाजावी, म्हणून कोणत्या क्रमांकावर कोणतं वाद्य हे त्यात ठरवून दिलं आहे. १०५ वर सितार, ११२ वर शहनाई. पण १२४ वर पाखरांची किलबिल, १२५ वर टेलिफोनची घंटी, १२६ वर हेलिकॉप्टर, १२७ वर टाळ्या आणि १२८ वर बंदुकीचा बार. फाइल वाजवायला हे सगळं हवं, मंचावर नको. त्यानंतर एकाच सॅम्पलची (खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाची) रूपं शोधा. ब्राइट पियानो म्हणजे पुष्कळदा तोच पियानो, फक्त फिल्टर जास्त उघडलेला. ऑक्टेव्ह पियानो म्हणजे तोच पियानो एका सप्तकाच्या अंतराने दोनदा. हॉन्की-टॉन्क म्हणजे तोच, थोडा बेसूर करून स्वतःवरच चढवलेला. पुढे ड्रम किट आणि साउंड इफेक्ट. हे सगळं वगळून उरलेली वेगळी वाद्यं मोजा आणि त्यांतली तुम्ही कार्यक्रमात खरोखर किती वापरता ते पाहा.

सीपी८८ २०१९ साली बाजारात आला तेव्हा त्यात ५७ टोन होते. पुढच्या मोफत अपडेटमधून आणखी काही आले. त्यांतले पुष्कळसे पियानो आणि इलेक्ट्रिक पियानोच आहेत, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. सीएफएक्स आणि बोझेनडॉर्फर इम्पीरियल हे दोन वेगळे ग्रँड पियानो, त्यांची वेगवेगळी सॅम्पलं. फरक यादीत दिसत नाही, बोटाखाली कळतो. दुकानात दहा मिनिटं मिळाली तरी तो तपासता येतो.

पियानो टोन लावा, रिव्हर्ब (घुमारा) बंद करा. मधल्या सप्तकातली एकच पट्टी अगदी हलक्या स्पर्शापासून सुरू करून दर वेळी थोडी जोरात, अशी वीसेक वेळा वाजवा. चांगल्या सॅम्पलमध्ये आवाज वाढता वाढता त्याचा रंगही हळूहळू उजळतो. साध्या सॅम्पलमध्ये एक तर फक्त व्हॉल्यूम वाढतो, किंवा मध्येच एका ठिकाणी मऊ पियानो संपून कडक पियानो सुरू झाल्याचं ऐकू येतं. भावगीताच्या सुरुवातीला गायकाच्या श्वासामागे वाजणारा पियानो आणि शेवटच्या कडव्यात ढोलकीवर उठून दिसणारा पियानो एकाच टोनमधून निघायला हवा. तो निघत नाही म्हणून लोक गाण्याच्या मध्येच टोन बदलतात, आणि मग यादी लांब असण्याचं महत्त्व वाटू लागतं.

मग खालच्या सप्तकातला एक सूर पेडलसह धरून ठेवा. खऱ्या ग्रँडची खर्जाची तार वीस सेकंदांनंतरही विरत असते. साध्या सॅम्पलमध्ये चार-पाच सेकंदांत लूप सुरू होतो आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरताना कळतो. त्यानंतर शेजारशेजारच्या पट्ट्या क्रमाने वाजवत वर जा. दर तीन-चार पट्ट्यांनी आवाजाचा पोत एकदम बदलत असेल, तर एकच सॅम्पल ताणून त्या सगळ्या पट्ट्यांना पुरवलं आहे.

पॉलिफोनीचा, म्हणजे कीबोर्ड एका वेळी किती आवाज काढू शकतो याचा, हिशेब तर कागदावरच करता येतो. पियानोवर स्ट्रिंग्जचा लेअर (थर) लावला आणि दोन्ही स्टिरिओ असले, तर एका पट्टीला चार आवाज खर्च होतात. (काही कंपन्या स्टिरिओ जोडी एकच मोजतात, मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.) पॉलिफोनी ६४ असेल, तर ६४ ला ४ ने भागलं की १६ सूर. पेडल दाबून केरव्याच्या प्रत्येक मात्रेला एक सूर वाजवलात, तर दोन आवर्तनांत १६ संपले. तिसऱ्या आवर्तनात नवा सूर आला की सगळ्यात जुना तुटतो, आणि तो बहुधा डाव्या हाताचा खर्ज असतो. ‘मध्येच बेस गेल्यासारखा वाटतो’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. तुमच्या कीबोर्डात पॉलिफोनी ६४ किंवा त्याहून कमी असेल, तर लेअरमधल्या स्ट्रिंग्जसाठी मोनो (एकाच वाहिनीचा) टोन निवडा आणि शक्य असेल तिथे सूर लांबवणारं सस्टेन पेडल फक्त पियानोच्या भागाला लावा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडच्या मंडपांत आणि नाट्यगृहांत हमखास अडचण होते ती मोनोची. साउंडवाला कीबोर्डला मिक्सरवर एकच लाइन देतो. स्टिरिओ पियानोची डावी-उजवी बाजू एकत्र आली की काही कंपनं एकमेकांना खोडतात आणि मधलं सप्तक पोकळ, लांबून आल्यासारखं ऐकू येतं. हेडफोनवर सुंदर वाटणारा पियानो मंचावर हरवतो तो असा. एकच लाइन मिळणार असेल, तर केबल एल/मोनो लिहिलेल्या सॉकेटलाच लावा, उजवं सॉकेट रिकामं ठेवा आणि शक्यतो मोनो सॅम्पलचा पियानो निवडा. विकत घेण्याआधीही अशाच जोडणीने एका स्पीकरवर ऐकून पाहा.

आता हार्मोनियम. इथे नुसता ‘टोन नाही’ एवढाच प्रश्न नाही. ८८ पट्ट्यांच्या हॅमर अॅक्शनवर (पियानोसारख्या जड पट्ट्यांवर) हार्मोनियमची तान नीट बसत नाही. पेटीची पट्टी हलकी असते, थोडी दबली की सूर बोलतो. हॅमर अॅक्शनची पट्टी बरीच खाली गेल्यावर बोलते आणि पुरेशी वर आल्याशिवाय पुन्हा बोलत नाही. द्रुत लयीत सूर गळतात ते त्यामुळे, हात कमी पडतो म्हणून नाही. मुख्य काम पेटीचं असेल, तर सीपी८८ तुमच्यासाठी नाही, हे स्पष्टच सांगतो. त्याच कंपनीचा वायसी६१ पाहा: ६१ पट्ट्या, ऑर्गनसारखी हलकी वॉटरफॉल पद्धतीची अॅक्शन, ७.१ किलो वजन, आणि समोर नऊ ड्रॉबार (ऑर्गनच्या आवाजातले उपस्वर ० ते ८ असे कमी-जास्त करायचे सरकते दांडे). सीपी८८ चं वजन १८.६ किलो आहे, सीपी७३ चं १३.१. एसटीने किंवा लोकलने कार्यक्रमांना जाणाऱ्याला हा फरकही छोटा नाही.

ड्रॉबारवर पेटीच्या जवळचा आवाज असा बसवता येतो. पेटीच्या रीडमध्ये (सूर काढणाऱ्या धातूच्या पात्यात) मूळ सुराच्या वरचे बहुतेक सगळे उपस्वर जोरात असतात, म्हणून वरचे ड्रॉबार बंद ठेवून चालत नाही. डावीकडून सुरुवात ४-०-८-७-६-६-४-४-३ अशी करा. पहिला ४ म्हणजे खर्जाचा सूर. नुसती नर (मधल्या सप्तकाच्या) सुरांची पेटी हवी असेल, तर तो शून्यावर आणा. लेस्ली (ऑर्गनचा फिरत्या स्पीकरचा इफेक्ट) थांबवा, पर्कशन आणि व्हायब्रॅटो-कोरस बंद करा, की-क्लिक सगळ्यात कमी ठेवा. ड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) अगदी थोडा द्या, रीडची खरखर त्यातून येते. ड्रॉबार नसलेल्या कीबोर्डात अकॉर्डियन किंवा रीड ऑर्गन शोधा. जनरल मिडीच्या यादीत रीड ऑर्गन २१ वर आणि अकॉर्डियन २२ वर असतो. अकॉर्डियनमध्ये थरथर असेल तर तो टोन सोडून द्या, कारण ती सॅम्पलमध्येच भरलेली असते आणि काढता येत नाही. एक टोन मूळ सप्तकात, दुसरा एक सप्तक खाली आणि कमी व्हॉल्यूमवर, असा लेअर करा. इक्वलायझरने साधारण ५-६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग थोडा उतरवा.

यापुढची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, आणि पेटी खोटी वाटते ती तिथेच. टच रिस्पॉन्स फिक्स्ड करा. पेटीत बोट जोरात मारलं म्हणून सूर मोठा होत नाही, आवाज भात्यावर असतो. तो भाता तुमच्या पायाकडे द्या: पायाने आवाज कमी-जास्त करायचं एक्स्प्रेशन पेडल जोडा आणि त्याची खालची मर्यादा शून्यावर न ठेवता ४० च्या आसपास ठेवा, म्हणजे पाय पूर्ण मागे गेला तरी सूर मरत नाही. सस्टेन पेडल या टोनसाठी बंद ठेवा. रिव्हर्ब नावापुरता.

याहून खरा आवाज हवा असेल तर सॅम्पल भरता येणारा कीबोर्ड घ्या. नॉर्ड स्टेज ३ मध्ये सॅम्पलसाठी ४८० एमबी जागा आहे. रोलँडचा जुनो-डीएस पेन ड्राइव्हवरून वेव्ह फाइल घेतो. सीपी८८ मध्ये ही सोय नाही, आणि आपल्या संगीताच्या दृष्टीने ही त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे. साडेतीन सप्तकांच्या, ४२ पट्ट्यांच्या पेटीवर दर तिसरी पट्टी रेकॉर्ड केली की १४ सॅम्पलं होतात. प्रत्येक सूर १० सेकंद, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट धरला तर एक फाइल सुमारे ८८२ केबीची, आणि सगळी मिळून १२ एमबीच्या आसपास. म्हणजे जागेची चिंता नाही. चिंता भात्याची. दाब बदलला की सूर किंचित हलतो, म्हणून भाता एकाने सांभाळावा आणि पट्टी दुसऱ्याने धरावी. स्टॉप ओढून एकच रीड वाजवता येत असेल, तर तसंच रेकॉर्ड करा. दोन रीड एकत्र वाजतात तेव्हा त्यांच्यात एक मंद हेलकावा असतो, आणि लूपचा सांधा त्या हेलकाव्याच्या मध्ये पडला की प्रत्येक फेरीला उचकी लागल्यासारखं ऐकू येतं. एकेरी रीडचा लूप सहज जुळतो. नंतर तोच टोन दोनदा लावून एक २-३ सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) चढवला की दुहेरी रीडचा भरीवपणा परत मिळतो.

सनई आणि बासरीबद्दल माझं मत जरा कडक आहे. ११२ क्रमांकाची शहनाई जशी मिळते तशी वाजवू नये. प्रत्येक पट्टीला फुंकीची सुरुवात नव्याने होते, त्यामुळे मींड राहतेच बाजूला, सूर टाइपरायटरसारखे तुटक येतात. सिंथ पद्धतीच्या कीबोर्डात तो टोन मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगाटो (सूर न तोडता जोडून) करा, पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याचा वेळ) ६० ते ८० मिलिसेकंद ठेवा. पिच बेंडचा (सूर वर-खाली सरकवण्याच्या सोयीचा) पल्ला मुळात दोन सेमिटोनचा असतो. तेवढ्यात सा ते रे जमतं, सा ते म साठी तो पाचवर न्यावा लागतो. पण पाचवर बारीक आंदोलन हाताळणं कठीण जातं, म्हणून दोन वेगळे टोन साठवून ठेवणं बरं. जिथे या सोयी नाहीत, तिथे सनईचा तुकडा व्हायोलिन किंवा क्लॅरिनेटवर वाजवलेला बरा.

तालांबद्दल वाद नाही. स्टेज कीबोर्डात ताल नसतात, कारण शेजारी तबला-ढोलकी किंवा ऑक्टापॅड असेल हे गृहीत धरलेलं असतं. एकट्याने दोन तासांचा कार्यक्रम करणाऱ्याला अरेंजरच (तयार ताल असलेला कीबोर्ड) हवा.

म्हणून तुमचा ८०० टोनचा कीबोर्ड विकू नका. खाली ७३ पट्ट्यांचा स्टेज कीबोर्ड आणि वर तुमचा, अशी दुमजली मांडणी करा: पियानो, इलेक्ट्रिक पियानो, स्ट्रिंग्ज खालून, पेटी, सनई आणि ताल वरून. मिक्सरवर दोघांना वेगळ्या लाइन मागा. दोन्ही मिडीने जोडायचे असतील, तर आधी तुमच्या कीबोर्डच्या पाठीमागे पाच पिनांचं गोल सॉकेट आहे का ते बघा. हल्लीच्या पुष्कळ अरेंजरवर फक्त चौकोनी यूएसबी असतं. ते कॉम्प्युटरसाठी आहे, केबल घालून दोन कीबोर्ड थेट एकमेकांशी बोलत नाहीत. गोल सॉकेट असेल, तर जोडल्यावर खालच्या कीबोर्डचं प्रोग्रॅम चेंज (टोन बदलल्याचा संदेश) पाठवणं बंद करा, नाहीतर खाली पियानोवरून रोड्सवर (इलेक्ट्रिक पियानोवर) गेलात की वर पेटीच्या जागी तिसरंच काही लागतं. आणि ट्रान्सपोझ (गाण्याची पट्टी बदलण्याची सोय) दोन्हींवर वेगवेगळा ठरवावा लागतो. गायिकेने काळी चारऐवजी काळी पाच मागितली तर दोन्हींकडे दोन-दोन सेमिटोन चढवा, आणि ते गाणं सुरू होण्याआधी, एकही पट्टी दाबलेली नसताना.