टिंबाची भाजी

काल सकाळी साडेसात. चहा गॅसवर, आणि खानावळीच्या काकूंचा फोन.

"तुमच्या अ‍ॅपात आज भ ची भाजी दिसतेय."

"भ ची?"

"भ. मग नुसती मात्रा. मग टिंब, मग ड, मग वेलांटी. सगळ्यांना वेगळ्या चौकटी. मात्रेला टेकायला अक्षर नाही म्हणून खाली ठिपक्यांचं कडबोळंही दिलंयत."

"काकू, ती भेंडी आहे."

"मला कळतंय हो, मी चिरतेय ना! पण पोरांना काय कळणार? हॉस्टेलच्या एकाने दोन टिंबं मागवलीत. दुसरा विचारतोय, स्वल्पविरामाबरोबर पोळ्या किती."

"दहा मिनिटांत करतो."

"गेल्या महिन्यातही दहाच होती. आणि पिठल्याची ऱ्हस्व वेलांटी प च्या नंतर कशी? आधी येते ती. मी सातवी पास आहे तरी कळतं."

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, ती खरंच प नंतर साठवतात, दिसते फक्त आधी. हे समजवायला गेलो, तिथेच चुकलं.

"म्हणजे आत एक आणि बाहेर दुसरं? माझ्याकडे तसलं चालत नाही."

दुखणं नेमकं तेच होतं. दीड वर्षापूर्वी 'तात्पुरतं' म्हणून मी सगळा मेनू एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे सलग मजकुरात, कोंबला होता: भेंडी, स्वल्पविराम, पिठलं. परवा अ‍ॅपला यादी हवी झाली, म्हणून त्याच्यावर याद्या हाताळणारं लिस्टफील्ड चढवलं. जँगो रेस्ट फ्रेमवर्क या पायथन भाषेतल्या तयार साधनसंचाचं हे लिस्टफील्ड आत येणाऱ्या माहितीची कसून झडती घेतं. यादीऐवजी नुसती स्ट्रिंग आली तर दारातूनच हाकलतं. माहिती बाहेर अ‍ॅपकडे जाताना मात्र हूं नाही की चूं नाही. समोर येईल त्याच्यावरून एकेक करत फिरतं, आणि पायथनच्या लेखी स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळच. भेंडीचे पाच तुकडे! आमच्या सोसायटीचा वॉचमन असाच. मला रोज वहीत सही करायला लावतो, आणि मे महिन्यात माझी सायकल नेणाऱ्याला त्यानेच फाटक उघडून दिलं. वर म्हणतो, "साहेब, तो बाहेर जात होता."

टेस्ट लिहिली होती मी. आत येणाऱ्याची.

दुरुस्ती एका ओळीची: स्वल्पविरामावर तोडा. चहा उतू जायच्या आत झाली. तरी संध्याकाळी काकूंनी माझ्या महिन्याच्या दोन हजारांतून पाचशे कापले. हिशेबाच्या वहीत लिहिलं, 'भाजीची मोडतोड'. मार्चमध्ये माझ्या डब्यातल्या भातात खडा निघाला, दाढेचा टवका उडाला, तेव्हा मी एक रुपया कापला नव्हता. उलट "भात छान होता" म्हणालो. माणसाने इतकं गुळमुळीत असू नये.

असो. आज एकादशी, खानावळ बंद, मेनू रिकामा. म्हटलं, आज तरी चहा शांतपणे होईल. पण रिकामी स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडली की पायथन रिकामी यादी देत नाही. एका रिकाम्या स्ट्रिंगची यादी देतो. म्हणजे एक चौकट, बिननावाची.

साडेसातला फोन वाजला.

"अहो, आज 'काही नाही' ची ऑर्डर आलीय. तिखट कमी म्हणतोय."