अ‍ॅडमिशनचं गाईड घेताय? जाडजूडच घ्या

बारावीचा रिझल्ट लागला की घरात पहिलं काय आणायचं, तर पेढे नाय, अ‍ॅडमिशनचं गाईड. पेढे दोन दिवसांत संपतात, गाईड गणेशचवथीपर्यंत टीव्हीखाली पडून राहतं आणि आल्यागेल्याला दिसतं की ही माणसं पोरांच्या करिअरचं मनावर घेतात. मी आत्तापर्यंत तीन घेतलीत, दोन थोरल्याच्या वेळी आणि एक धाकटीच्या, तेव्हा यातलं मला कळतं असं धरून चाला.

आधी वजन बघा. सहाशे पानांच्या खालचं हातातच घेऊ नका. आता तुम्ही म्हणाल, आपल्या गोव्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं ती किती, फर्मागुडी, फातोर्डा, वेर्णा, आसगाव, सकाळी स्कूटर काढली तर सगळ्यांची गेटं बघून संध्याकाळी चहाला घरी, आणि एमबीबीएसचं तर एकच ते बांबोळीला, मग सहाशे पानं भरतात कशानं? हा प्रश्न दुकानात विचारायचा नसतो. शंभर पानं "करिअर म्हणजे काय" यावर जातात, त्यानंतर टॉपर मुलांचे फोटो, मग महाराष्ट्राच्या कॅप राउंडचं, म्हणजे तिथल्या प्रवेशफेऱ्यांचं, सगळं रामायण, आणि शेवटी दीड पान गोवा, त्यात अर्ध्या पानावर समुद्राचा फोटो.

मग बघायचा स्टिकर. "नवीन आवृत्ती" असं लिहिलेला चकचकीत गोल स्टिकर नसेल तर गाईड जुनं समजा, असेल तर नखानं जरा खरवडून बघा, माझ्या एका गाईडाला खाली अजून दोन निघाले, कांद्यासारखे, फक्त रडू जरा उशिरा आलं. तसं जुन्या माहितीतही सुख असतं म्हणा. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२३ पासून नवीन शिक्षण धोरणातली चार वर्षांची रचना आली, मेजर मायनर, म्हणजे मुख्य विषय नि जोडविषय वगैरे, पण आमच्या गाईडात बीएससी अजून निवांत तीन वर्षांचीच होती आणि मायनर हा शब्द फक्त ज्याची सही चालत नाही त्याच्यासाठी वापरला होता.

आयआयटीचं तर विचारूच नका. २०१६ साली आयआयटी फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात सुरू झाली, एवढ्यावर त्या लेखकानं बिनधास्त छापून टाकलं की स्थानिकांना प्राधान्य. झालं, आमच्या घरी तीन दिवस सण, सासऱ्यांनी फोंड्यातल्या भाचीला फोन करून पोराच्या दुपारच्या जेवणाचं ठरवूनही टाकलं, फर्मागुडी तिला जवळ म्हणून. आयआयटीत राज्याचा कोटाबिटा नसतो, आधी जेईई मेन, मग अ‍ॅडव्हान्स, सगळ्या देशाची एकच लाईन, तुम्ही गेटासमोर राहात असलात तरी लाईन तीच, हे आम्हाला कळलं ते ट्यूशनच्या सरांकडून, तेही ते हसायचे थांबल्यावर. आणि राज्यातल्या मुलांसाठी कोटा खरंच असतो ती एनआयटी, ती कुंकळ्ळीला, ती गाईडात "इतर संस्था" या सदरात स्वयंपाकाच्या कोर्सच्या खाली.

कागदपत्रांचं प्रकरण मात्र पुन्हा पुन्हा वाचावं असं. "आत्मविश्वास हेच सर्वात महत्त्वाचं प्रमाणपत्र" असं ठळक अक्षरात होतं. ते घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी रहिवासी दाखला मागितला. मग मामलेदार कचेरी, तिथं झेरॉक्स कमी पडली, झेरॉक्सवाल्याची लाईट गेलेली, जातीच्या दाखल्यावर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरं, एका अक्षराचा फरक, पण त्या एका अक्षरासाठी डिचोली ते पणजी कदंबाच्या बसमध्ये किती वेळा बसलो ते कंडक्टरला विचारा, तो आता मला सुट्टे मागत नाही.

एक गोष्ट कटाक्षानं टाळा. पर्वरीचं तंत्रशिक्षण संचालनालय दरवर्षी प्रॉस्पेक्टस काढतं, साइटवर पीडीएफ असते, ती चुकूनसुद्धा उघडू नका. कुठल्या कोर्सला नीट, आल्तिनोच्या आर्किटेक्चरला नाटा ही प्रवेशपरीक्षा कशी, दाखले कुठले, कुठल्या नमुन्यात, तारखा काय, सगळं तिथं सरळ लिहून ठेवलंय, एकसुद्धा टॉपर नाही, सुविचार नाही, उगवता सूर्य नाही. असलं कोरडं वाचून माणसाला समजतं, आणि एकदा समजलं की काकांना, मेव्हण्याला आणि वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना विचारत फिरण्यातली मजा जाते.

अ‍ॅडमिशन झाली म्हणून गाईड फेकायचं नसतं. आमच्याकडे मे महिन्यात कोकमाची सोलां सुकवताना खालचा पेपर उडू नये म्हणून त्याच्यावर ते ठेवायचे, म्हणून मागच्या कव्हरला जांभळा डाग पडला, मोठा, साधारण सासष्टी तालुक्याच्या आकाराचा. धाकटीचं मार्गी लागल्यावर मी ते जुन्या पुस्तकवाल्याला देऊन टाकलं, त्यानं वीस रुपये दिले, तेही तोंड वाकडं करून.

यंदा शेजारचे भाऊ आले, त्यांची मुलगी बारावी झाली. नवीन गाईड आणलंय, जरा बघून सांग म्हणाले. पिशवीतून काढलं. वर ताजा स्टिकर, मागं सासष्टी तालुका. कितीला घेतलं म्हणून विचारलं तर पूर्ण किमतीला, पण दुकानदार चांगला माणूस आहे म्हणाले, प्लास्टिकचं कव्हर फुकट घालून दिलं.